दोन्ही बाह्या डाव्या

आमच्या आत्याला निरागस म्हणायची कोणाची छाती नाही. भाजीवाल्याचा काटा कुठे अडतो, कुठला पाहुणा जेवल्याशिवाय उठणार नाही, सगळं तिला आधीच कळतं. आणि कळलं की ती बोलतेच.

बाबा गेले तेव्हा मी लहान होतो. आत्या एका शिवणाच्या कारखान्यात कापड बेतायची. मालकाच्या हातापाया पडून तिनं आईलाही बेतायच्या टेबलावर लावलं. थोड्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या कोटाचा घोळ झाला. एक बाही बेतून झाली की मापाचा कागद पालथा घालून दुसरी बेतायची असते. तो पालथा घालायला कोणीतरी विसरलं आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. गिऱ्हाइकानं दिलेलं कापड तेवढंच होतं, कोट वाया गेला. मालकानं विचारताच आत्या म्हणाली, माझ्या हातून झालं. तिची कात्री गेली ती गेलीच. पुढे ती कायम काजं-बटणं करत बसली. आईचा हात मात्र बसला, नाव झालं. तिच्या कात्रीवर मी शिकलो, भाषेचा मास्तर झालो.

परवा शाळेच्या अंकासाठी 'निरागस' या शब्दावर लिहीत होतो. दोघी मटार सोलत होत्या. मी त्यांना सांगितलं, 'आगस्' म्हणजे अपराध. तो ज्याच्या माथी नाही, तो निरागस. आपण उगाच भाबड्या माणसाला तसं म्हणतो. शब्दाला शहाणपणाचं काही वावडं नाही.

"म्हणजे मी," आई म्हणाली. "माझी एकही बाही कधी चुकली नाही. वन्संना विचार." आणि हसत चहा टाकायला आत गेली.

हा टोमणा जुनाच. आत्या एरवी कोणाचं ऐकून घेत नाही, हा तेवढा ऐकून घेते. तुझ्यासारखीची चूक झालीच कशी, मी आत्याला विचारलं.

तिनं आतली चाहूल घेतली. "त्या बाह्यांवरच्या खडूच्या रेघा तुझ्या आईच्या होत्या. त्या गडबडीत कोणता कोट कोणी बेतला, तिला कुठलं आठवतंय? नवरा गेलेला, पदरात तू. तेव्हा ते तिच्यावर आलं असतं, तर तिनं पुन्हा कात्री धरली नसती."

माझी शाळा, माझी पुस्तकं, सगळं हिनं दिलेलं, आणि मी हिला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं. आईला सांगायलाच हवं, मी म्हणालो.

"काही नको. तिच्या माथी काही नाही ना? मग नसू दे."

मी वाकून तिचे पाय धरले. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. हा खाली काय करतोय, तिनं विचारलं.

"मटार सांडले," आत्या म्हणाली. "वेचतोय."