ताईनं सांगितलेला अर्थ

हट्टा गावाजवळच्या रस्त्यानं शाळेत शिकवायला जाताना हळद शिजवल्याचा वास आला आणि मला दहावीच्या वर्षातली एक दुपार आठवली. माझ्या वडिलांना, बापूंना, अक्षरओळख नव्हती, पण माझी इंग्रजीची उजळणी तेच घ्यायचे. अंगणात वाळलेली हळद निवडताना मी एकेक अर्थ सांगायची आणि प्रत्येक अर्थाला ते एक हळकुंड सुपात टाकायचे.

त्या दुपारी ‘टेक’ हा शब्द होता. घेणे, नेणे, पकडणे, स्वीकारणे. तिथे मी अडले.

“लागणे,” ताई म्हणाली. “वेळ लागतो न्हाई का, ते.”

आई गेल्यावर घर ताईच्या अंगावर पडलं आणि तिची शाळा सातवीतच सुटली. माझी उजळणी ऐकून ऐकूनच तिला सगळं पाठ झालं होतं.

बापूंनी हसून पाचवं हळकुंड सुपात टाकलं. मी ते उचलून परत ढिगात फेकलं. “हे तिचं हाय. माझेच मोजा.”

“काहून फेकलं गं?” बापू म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या बापू. परीक्षा तिची हाय,” ताई म्हणाली.

तेव्हा मला ते बराबरच वाटलं. आता वर्गात हाच शब्द शिकवताना ताईच आठवते, कारण ती पहाटे उठून भाकरी थापायची, म्हणूनच मी पदवीपर्यंत पोहोचले.

त्या दुपारनंतर मी कितीही वेळा अडले तरी ताई मान वर करत नसे. खाली बघून हळद निवडत राही. ओठ तेवढे हलायचे.