गणिताचा जादा तास

मालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडलेली होते. सकाळपासून चार वेळा तिला फोन लावून झाला होता आणि नेहमीसारखाच तो बंद. मेथी निवडता निवडता मी तिला मनातल्या मनात झापत होते, तेवढ्यात फोन वाजला. तो तिच्या भाच्याचा, जालन्याहून. "मावशी, मालनमावशी पहाटं गेल्या. झोपेतच." मी त्या पोरावरच ओरडले, "अशी कशी गेली? दोन दिवसांत येते म्हणाली होती मला!" आता दीड महिना होत आला, पण माझी गाडी अजून त्याच वाक्यावर अडली आहे.

जालन्याला निघताना ती माझ्या ओट्यावर आली होती. छातीत जरा भरून आल्यासारखं होतंय, डॉक्टरला दाखवून येते, म्हणाली. आणि लगेच मुद्द्यावर आली. "कमल, तोवर पोरींकडं बघ. तास बुडू देऊ नको." मी म्हटलं, "मी काही टेकडी चढणार नाही. तुझी नस्ती उठाठेव तूच निस्तर." ती हसली, पिशवी उचलली आणि एसटी गाठायला गेली. हेच आमचं शेवटचं बोलणं. चांगलं दोन शब्द बोलून निरोप द्यावा, एवढीही सवड तिनं मला दिली नाही.

आमचं गाव जाफराबादच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेलं. बाजारपेठ आहे, शाळा आहे, एसटी स्टँड आहे, म्हणून ते स्वतःला शहर समजतं. इथल्या शाळेत आम्ही दोघींनी उभी नोकरी केली. मी गणित शिकवायचे, मालन चित्रकला. मी कडक म्हणून प्रसिद्ध, आणि ती कुणाच्या खिजगणतीत नाही, कारण चित्रकलेत कुणी नापास होत नाही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मलाच तिच्या वतीनं राग यायचा, आणि तिला का येत नाही म्हणून आणखी राग यायचा.

रिटायर झाल्यावर एका संध्याकाळी ती मला विचारते, "कमल, आपल्या गावातली पोरं मोकळ्या वेळात काय करतात गं?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? स्टँडच्या कठड्यावर बसतात, टपरीवर उभी राहतात, शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळतात, एका गाडीवर तिघं बसून घाटात जातात आणि मोबाईल बघत परत येतात. "आन पोरी?" मी म्हटलं, "पोरी घरी असतात." "घरी काय करतात?" आता घरी काय करतात! दळण आणतात, भांडी घासतात, धाकट्या भावाला सांभाळतात. "मंग त्यो मोकळा वेळ कसा झाला?" असं विचारून ती माझ्याकडं बघत बसली, जसं काही मीच पोरींना भांड्याला जुंपलं होतं.

पुढच्या आठवड्यात मला बाजारात आमच्या गावचे एक गृहस्थ भेटले. हात जोडून म्हणाले, "लई उपकार झाले मॅडम. आमची रूपाली तुमच्या जादा तासाला येऊन राह्यली." मला काही उलगडेना. कसला तास? घरी आले तर मालन ओट्यावर हजर. मान खाली घालून सांगितलं तिनं सगळं. मागच्या टेकडीवर सपाट खडक आहे, तिथं ती रोज चार ते सहा या वेळेत सात-आठ पोरींना घेऊन जायला लागली होती. शिकवायला नाही. नुसतं बसायला! आणि बसायला जाते म्हटलं तर कोण बाप पोरीला सोडेल? म्हणून तिनं घरोघरी जाऊन 'जादा तास' सांगितला होता. चित्रकलेच्या जादा तासाला कुणी पाठवलं नसतं. म्हणून गणिताचा. म्हणून माझं नाव!

"अगं, पण मला विचारायचंस तरी!" मी कडाडले. "विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस," ती म्हणाली. यावर माणसानं काय करावं? आणि माझाही मूर्खपणा बघा, त्या गृहस्थांना मी तिथल्या तिथं खरं सांगितलं नव्हतं. "हो, हो, पाठवत जा," असं म्हणून बसले होते. एकदा हो म्हटलं ते मग सात वर्षं म्हणावं लागलं. आधी रूपाली जायला लागली, मग तिच्या मागच्या, मग त्यांच्या बहिणी.

या सात वर्षांत माझी जी काही शोभा झाली ती मलाच ठाऊक. जादा तास करूनही पोरींचे मार्क होते तिथंच. एक जण तर भर लग्नाच्या पंगतीत म्हणाला, "मॅडम, पहिल्यासारखं शिकवणं ऱ्हायलं न्हाई आता तुमचं." घास तोंडातच फिरला माझ्या. जिच्या हाताखालून अख्खं गाव पाढे शिकून गेलं, तिच्या नावाची या बाईनं अशी माती केली. मी मालनला म्हटलं, निदान अर्धा तास तरी पोरींकडून गणितं करून घे. तर म्हणते, "तू ये ना वर. तू घे करून." रोज चारला माझ्या दारावरून जायची आणि रोज हाक मारायची, "येतीस का?" मी रोज हातानंच तिला पिटाळायचे. गुडघे दुखतात हे खरंच होतं. पण खरं कारण ते नव्हतं. माझ्याशिवाय माझ्या नावानं चाललेला तास मला बघायचाच नव्हता.

ती गेल्यावर मी ठरवलं, बस झालं. पोरींच्या आईबापांना खरं सांगून मोकळं व्हायचं. तेराव्यानंतर रूपालीची आई संगीता माझ्याकडं आली. रूपाली आता बारावीत, आणि आठवीतली धाकटी दीपालीही तासाला जायची. संगीता माझीच जुनी विद्यार्थिनी, दहावीला गणितातच गेलेली. मी म्हटलं, "संगीता, बस. एक सांगायचंय. तो जादा तास..."

"ठाऊक हाये मला, मॅडम."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही न्हाई घेत ते. पहिल्याच दिवशी कळलं व्हतं." आणि पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. "मी बसलेली हाये ना तुमच्या तासाला. तुमच्या तासावरून कुणी पोरगी हासत घरी आलती का कधी?"

मला एवढा राग आला! आणि रागावर हसूही आलं, पण ते मी दाखवलं नाही. मी विचारलं, "मग गप्प का राहिलीस?" ती म्हणाली, "आम्हा सगळ्याच आयांना ठाऊक हाये. पण घरच्या माणसांना सांगायला गणित बरं पडतं. माझं लग्न झालं सतराव्या वर्षी. दोन घटका नुसतं बसल्याचं मला आठवत न्हाई, मॅडम. पोरींचे दोन तास तेवढे बंद करू नका. मी हात जोडते."

संगीतानं हात जोडले. मी ते खाली केले, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधला.

वीस मिनिटांच्या चढाला मला पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर थांबून मी मालनला शिव्या घातल्या. वर पोचले तर संगीताच्या निरोपावरून आधीच येऊन बसलेल्या पोरी चिडीचूप, वर्गात असल्यासारख्या. मीही काय बोलावं, तर सवयीनं तोंडातून गेलं, "कुठपर्यंत आलाय भाग?" पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या आणि एकदम खो खो हसत सुटल्या. मग मला कोण विचारतंय! एक खडकावर पाय पसरून आडवी झाली. एक तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला लागली, आमच्या गावात कुठल्याही पोरीनं मारली नसेल अशी. दोघी-तिघी नखांना लाल रंग लावत बसल्या, खाली जाताना तो पुसायचा असतो म्हणे. त्यांनीच सांगितलं, मालन मॅडमच्या फोनवर त्या आपल्याच नाचाचे व्हिडिओ काढायच्या, बघून हसायच्या आणि पुसून टाकायच्या. म्हणजे तिचा फोन कायम का बंद असायचा ते मला तिथं कळलं! चार्जिंग या भवान्या संपवायच्या आणि मी खाली फोन लावून लावून जीव आटवायचे.

मी एका दगडावर बसले. काही करायचं नाही, तपासायचं नाही, शिकवायचं नाही. मला ते जमेना. समोर गाव दिसत होतं, माझा ओटाही दिसत होता.

तेवढ्यात रूपालीनं दप्तरातून एक वही काढली. हजेरीची. मालननं खरीखुरी हजेरी ठेवली होती, तिच्या त्या सुंदर अक्षरात. पोरींची नावं आणि पुढं ह, गै, ह, ह. सगळ्यात वर दोन शिक्षिका. मालनपुढं रोज 'ह'. दुसरं नाव माझं, कंसात गणित, आणि पुढं गै, गै, गै... पानंच्या पानं. मधेच कुठंतरी बारीक अक्षरात 'गुडघा', म्हणजे त्या दिवशी तिनं माझी रजा मंजूर केली असणार. रोज हाक मारून, रोज वर येऊन, या बाईनं सात वर्षं माझी जागा धरून ठेवली होती. आणि मी खाली बसून माझ्या नावाची काळजी करत होते. मला इतकी लाज वाटली की पोरींकडं बघवेना.

रूपालीनं आजची तारीख टाकली. माझ्यापुढं न विचारता 'ह' लिहिलं. मग पेन तसाच धरून तिनं हळूच विचारलं, "मॅडम, मालन मॅडमच्या नावापुढं काय लिहू?"

"गैरहजर लिही," मी म्हटलं. "तिलाही कळू दे एकदा, कसं वाटतं ते."

रूपालीनं 'गै' लिहिलं. ते बघितलं आणि मला रडू आवरेना. गणिताच्या मॅडमला रडताना त्या पोरींनी कधी बघितलं नव्हतं. शिट्टी थांबली. कुणीतरी माझ्या हातात रुमाल दिला, त्याला नखांचा लाल रंग लागलेला होता.