आजोबांवर गेलेला मुलगा

आमचा मुलगा दिसायला नवऱ्यावर गेलाय. तेच रुंद कपाळ, तेच तरातरा चालणं. नवऱ्याला त्याचं कोण कौतुक! नवरा मालगाडी चालवतो, सासरेही चालवायचे, म्हणून हाही इंजिनातच बसणार, हे तो जन्मायच्या आधीच ठरलेलं. इंजिनात चालक आणि सहायक, दोघांनी सिग्नलचा रंग मोठ्याने बोलायचा असतो. नवऱ्याने ती सवय घरापर्यंत आणली. तो लहान असताना आमच्या चौबे कॉलोनीतून स्कूटर बाहेर पडली की पुढे उभा असलेला पोट्टा चौकाचौकात ओरडायचा, लाल, हिरवा. कधी चुकला नाही. लोक वळून बघायचे आणि मागे बसून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा त्याने रेल्वेची लेखी परीक्षा पास केली आणि डोळ्यांच्या तपासणीत अडकला. रंगीत ठिपक्यांमधले आकडे त्याला दिसलेच नाहीत. घरी येऊन इथल्या पोरांच्या सवयीच्या हिंदीत म्हणाला, "पापा, मैं तो ऊपर-नीचे देखके बोलता था." वरचा दिवा लाल, खालचा हिरवा, सगळे तसंच ओळखतात, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

नवरा ऐकेना. दुसऱ्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. लाल-हिरव्याचा हा दोष बापाकडून मुलात येत नाही, आईकडून येतो. आईला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात. पुष्कळदा तो तिच्या वडिलांकडून तिच्यात आलेला असतो. औषध नाही.

मला खुर्चीतच आठवलं. माझे बाबा! इथेच ब्राह्मणपारा मोहल्ल्यात राहतात, सरकारी कचेरीत कारकुनी केली. खाकी कापड म्हणून हिरवं आणायचे, पिकले म्हणून कच्चे टमाटर आणायचे. आई त्यांना वेंधळे म्हणायची, तेही हसून घ्यायचे.

घरी आल्यावर नवऱ्याने बूट पुसायला घेतले. माझ्या जिभेला हाड नाही हे सासर-माहेर दोन्हीकडे ठाऊक आहे. तो एक शब्द बोलला असता तर मी चार ऐकवले असते. पण तो बोलेचना, रोज नुसते तेच बूट पुसत बसायचा. मला भीती वाटत होती की कधीतरी माझ्या बापाचा उद्धार होणार. आणि खरं सांगते, त्याचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

रविवारी बाबा जेवायला आले. नातू कामावर कधी रुजू होणार, हे त्यांनी पहिल्याच घासाला विचारलं. मुलाने सरळ सांगून टाकलं, रंग ओळखता आले नाहीत.

"कोणते? लाल-हिरवा?" बाबांनी विचारलं.

"हव, आजोबा."

बाबांचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "मलेबी नाही समजत. लहानपणापासून. कोणाले सांगितलं नाही. माह्याकडूनच गेलं असंन पोराले."

इतकी वर्षं या माणसाने सगळ्यांचं हसणं एकट्याने सोसलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. आता काय बोलतो देव जाणे.

"नाही बाबा," नवरा म्हणाला. "आमच्याच घरचं आहे ते. माह्या काकाले होतं. डॉक्टरनंच सांगितलं."

नवऱ्याला काका नाही. सासरे एकुलते एक, आणि हे बाबांना पक्कं ठाऊक. आमची सोयरीक त्यांनीच जमवली होती.

"असं होय," बाबा म्हणाले, आणि ताट पुढे करून त्यांनी पोळी जावयाकडे मागितली.