निजवू का नको?

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. माहेर सांगलीचं, त्यामुळे पावसाळ्यात लहानपणापासून नदीकडे बघत भ्यायची सवय. डोंगराची भीती मला नोकरीने लावली.

एका ऑगस्टमध्ये मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर आम्हाला बोलावलं. घरांच्या मागे उताराला भेग पडली होती. आमचे विभागप्रमुख आणि मी, दोघंच जीपमधून निघालो. सर वयाने मोठे, अनुभवी. वाटेत म्हणाले, "तिथं जपून बोल. 'शक्यता नाकारता येत नाही' म्हणायचं. त्यात आपण कुठंच अडकत नाही."

भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. पण त्याहून वाईट म्हणजे खालच्या झऱ्याचं पाणी चहासारखं झालं होतं. उतार आतून सुटायला लागल्याची ती खूण असू शकते. पाऊस तर आठवडाभर उघडलाच नव्हता.

देवळात माणसं जमली. सरांनी मलाच बोलायला लावलं. मी उभी राहिले आणि वर्गात शिकवते तसं बोलले. मृदेचा थर, संपृक्तता, अस्थिरता, भूस्खलनाची शक्यता नाकारता येत नाही. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी चहा आणायला सांगितलं. मला वाटलं, झालं, सुटले.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली एक बाई उठली.

"आवं बाई, तुमी म्हंता ते समदं खरं आसंल. पन माजी लेक बाळंतपणाला आलीया. बाळाला अजून बारा दिस बी झालं न्हाईत. आज तिला घरात निजवू का नको, तेवढंच सांगा."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. सर माझ्याकडे बघत होते. त्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती आणि दोन्हींत मी अडकणार होते.

"नको," मी म्हणाले. "आज नको. पाऊस उघडेपर्यंत कुणीच वाडीत निजू नका."

"आन डोंगर पडला न्हाई तर?" मागून एकानं विचारलं.

"पडेल का, ते मला माहीत नाही. पण भेग मोठी आहे आणि पाणी गढूळ झालंय. माझी लेक असती तर मी तिला आत्ताच खाली नेलं असतं."

अंधार पडायच्या आत वाडी खालच्या गावातल्या शाळेत उतरली. परतल्यावर साताऱ्यात उतरताना सर एवढंच म्हणाले, "आता पाऊस थांबेपर्यंत तुला झोप नाही."

खरंच नव्हती. शाळेत उतरलेल्या माणसांचे फोन यायचे. गुरं वरच राहिलीत, वैरण घालायला कोण जाणार? शाळेच्या फरशीला ओल आलीय. मग एक दिवस कळलं, बाळाला ताप भरलाय, दवाखान्यात नेलंय. माझ्या हातातला घास तसाच राहिला. डोंगर जागच्या जागी आणि बाळ माझ्या एका शब्दामुळे आजारी. तो शब्द मी शिकून-सवरून बोलले होते की नुसती घाबरून? आकाश बघत असताना एकदा मनात आलं, थोडी माती घसरली तर बरं, निदान मी खरी ठरेन. त्या विचाराची मला किळस आली, पण तो पुन्हा पुन्हा येत राहिला.

डोंगर पडला नाही. ऊन पडलं, झरा निवळला. बाळाचा ताप उतरला आणि माणसं वाडीवर परत गेली. मी त्या बाईला फोन केला. "तुम्हाला उगाच त्रास झाला," म्हणाले.

"त्रास झाला की, लय झाला," ती म्हणाली. "पन तुमी डोंगर पडंल म्हणला नव्हता. निजू नका म्हणला हुता. तेवढं मला कळलं, म्हणून मी लेकीला घेऊन घरातनं उठले."

भेग अजून आहे. वाडी दुसरीकडे हलवायचं बोलणं चालू आहे आणि तोवर दर पावसाळ्यात आम्ही जातो. आता लोक माझं पुरतं ऐकूनही घेत नाहीत. गाडीतून उतरले की विचारतात, "खाली हलायचं, व्हय का न्हाई?" यंदा मी "नाही, हलू नका, घरातच राहा" असं सांगून आले. पाऊस पुन्हा लागलाय. फोन मी उशाशी ठेवते.