बाबांचा आवाज

नात 'टेक ऑफ, टेक ओव्हर, टेक बॅक' घोकत होती आणि मला लालबागच्या खोलीतले बाबा आठवले. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनच्या नोकरीसाठी ते माझ्याकडून हेच शिकत होते.

"'टेक' म्हणजे घेवचा, मग 'टेक ऑफ' म्हणजे काढूचा कसा रे?" ते ओरडून विचारायचे. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. प्रत्येक अर्थाला गिरणीतल्यासारखी हाताची खूण करायचे.

मुलाखतीतही तसेच ओरडले, हातवारे केले. साहेब म्हणाला, "भांडायला आलात का?"

नोकरी मिळाली नाही. त्यानंतर मात्र बाबा हळू बोलायला शिकले. इतकं हळू, की शेवटच्या दिवशी काय म्हणाले, ते मला ऐकूच आलं नाही.