आधी शेवटचं पान

मला वाचायला शिकवलं ते तेरखेड्याच्या चाचीनं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी तिच्याबद्दल बरंच वाकडंतिकडं लिहिणार आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं मला नमकहराम समजू नये.

हातात पुस्तक आलं की चाची नाव बघायची नाही, चित्र बघायची नाही. अंगठा जिभेला लावायची, पुस्तक पालथं करायची आणि शेवटचं पान चाचपायची. "खून मागनं बघू," म्हणायची, "आधी शेवटचं पान हाय का बघ."

तिचं बरोबरच होतं. आमच्याकडं पुस्तकं दुकानातून यायची नाहीत, रद्दीतून यायची. तेरखेडा हे फटाक्यांचं गाव. फटाक्याला कागद लागतो आणि तो पोत्यांनी येतो. बंद पडलेल्या वाचनालयातली पुस्तकं, जुन्या उत्तरपत्रिका, गाईडं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. आम्ही बायका त्याच्या पट्ट्या कापायचो, खळ लावून सळईवर गुंडाळायचो आणि झालेल्या नळ्या उन्हात वाळत घालायचो. वाळल्या की त्या पलीकडच्या शेडमध्ये जायच्या. तिथं त्यात फटाक्याची दारू भरायचे.

कागदाच्या शेडची मुकादम चाची. साठी उलटलेली, उंच, पदराच्या टोकाला कात्री बांधलेली. पोतं उघडलं की पहिला हात तिचा, असा नियम होता आणि तो तिनंच केला होता. "ज्याला शेवटचं पान हाय ते माझं. बाकी समदं दिवाळीचं."

वाचून झालं की ती पुस्तक परत द्यायची, म्हणजे कापायला. आणि देताना निकाल सांगायची.

"ह्या इन्स्पेक्टरनं पहिल्या धा पानांत सात शिगारेटी ओढल्या आन् समद्या पुस्तकात एक पुरावा गोळा केला. लवंगी करा ह्याची."

"ही हिरॉइन तीन येळा चक्कर येऊन पडली. घरात कुणी जेवाया घालत न्हाय का तिला? फुलबाज्याच्या डब्याला लावा."

भुताची कादंबरी आली तर म्हणायची, "भूत फकस्त बंगल्यातच कसं ऱ्हातं? पत्र्याच्या घरात त्याला गरम व्हतंय का?" एका नव्या थरारक कादंबरीतला खुनी खिशात मोबाईल चालू ठेवून खून करत फिरत होता. "ह्याला धराया ह्यो येवढा मोठा गुप्तहेर? माझी नात धरंल चौथीतली." आणि खेड्यावरच्या एका जाडजूड कादंबरीवर तिचा फार राग. "ह्यो ल्याखक गावात आला आसंल तो लग्नाच्या पंगतीला. समदी माणसं गरीब आन् समदी शहाणी. आमच्यात हाय का एक तरी तसलं?" आम्ही एकमेकींकडं बघायचो. नव्हतं.

ज्या पुस्तकानं फार त्रास दिला त्याचा सुतळी बॉम्ब. "वाचताना न्हाय तर न्हाय, आता तरी आवाज करंल."

तुम्हीही पुस्तकांवरची परीक्षणं वाचत असाल. एवढ्या थोडक्यात कुणी आटपतं का, तुम्हीच सांगा.

एक पुस्तक मात्र तिनं कधी कापायला दिलं नाही. बारकं, पिवळं पडलेलं, कुण्या शाळेच्या शिपायाच्या बायकोवरचं. ते ती खळीच्या पिठाच्या डब्यामागं ठेवायची. "ह्यात कुणी मेलं न्हाय," एकदा म्हणाली, "तरी मला चार दिस जेवण ग्वाड लागलं न्हाय." आणि लगेच आमच्यावर ओरडली, खळ पातळ झाली म्हणून.

आता मी तिथं कशी, ते सांगते. मी भंडाऱ्याकडची. शाळा पाचवीत सुटली. लग्नानंतर नवऱ्याला इकडच्या माळावर पवनचक्क्यांवर राखणदारी मिळाली आणि आम्ही इतक्या लांब आलो. ओळख ना पाळख, माझी बोली ऐकली तरी दुकानदार हसायचा. मला कारखान्यात काम मिळत होतं, पण नवऱ्यानं अट घातली होती. दारूच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, तसं झालं तर सरळ गावी परत. त्यालाच कशाला दोष देऊ, मीही त्या शेडला लांबून वळसा घालून जायची.

मालकानं विचारलं, किती शिकली? कागदाच्या शेडमधल्या लेबलाच्या टेबलावर लिहितावाचता येणारी बाई हवी होती, बाकी जागा होती ती दारूकडं. मी म्हणाले, दहावी. तोंडातून निघून गेलं. टेबल मिळालं. त्या दिवसापासून रोज सकाळी कारखान्याचं फाटक दिसलं की वाटायचं, आज कळणार.

लेबलं मी चित्रावरून ओळखायची. रॉकेट, चक्र, झाड, कमळ. दोन महिने निभावलं. मग चाचीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझं नशीब फिरलं.

"ए दहावी," दुपारची भाकरी झाल्यावर तिनं हाक मारली, "इकडं ये. मला आता वळी दिसंनात. तू वाच, आमी हात चालिवतो."

निळ्या कव्हराची कादंबरी होती. टेकडीवरचा बंगला, बंगल्यात प्रेत. सगळ्या बायका सळया घेऊन भोवती बसल्या. सुटी अक्षरं मला यायची. जोडाक्षर आलं की मी ते तांदळातल्या खड्यासारखं काढून टाकायची. पण खडे काढता काढता तांदूळच उरेना. मग मी मनानं सांगू लागले. इन्स्पेक्टरला टेकडीवरून उतरवून आमच्या गावच्या तलावावर आणलं. तिथं एका म्हातारीची म्हैस पाण्यातून बाहेर येईना, आणि म्हशीच्या शिंगाला मेलेल्या माणसाचं उपरणं.

बायका खूश. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत विचारणा, "म्हशीचं काय झालं गं?" चार दिवस ती म्हैस मी पाण्यात ठेवली. चाची डोळे मिटून ऐकायची. नळी वळताना तिची सळई मधेच थांबायची, तेवढंच.

पाचव्या दिवशी मी पाण्याच्या रांजणापाशी एकटी होते. ती मागून आली.

"दहावी, ही कादंबरी आधीच्या पोत्यांत बी आलती, म्या दोनदा वाचलीया," ती म्हणाली. "ह्यात म्हैस न्हाय."

हातातला तांब्या माझ्याकडून रांजणात पडला.

"चाची, मालकाले नका सांगू," मी म्हणाले. "मी पाचवीच शिकली. मले त्या शेडमध्ये पाठवतीन. नवरा गावी घेऊन जाईन."

रांजणात हात घालून तिनं तांब्या काढला, पाणी प्यायली.

"म्हैस चांगली व्हती," म्हणाली. "पर ल्याखकाला न इचारता त्याच्या घरात म्हैस बांधायची न्हाय. उद्यापास्नं जरा लवकर येत जा."

लोक क्ष क्षत्रियाचा शिकतात, ज्ञ ज्ञानेश्वराचा. मी ज्ञ शिकले तो 'अज्ञात इसम' मधला. ष म्हणजे षड्यंत्र, त्र म्हणजे पत्रातली धमकी. 'इन्स्पेक्टर' हा शब्द फुटायला मला तीन सकाळी लागल्या. चाचीला अक्षर दिसायचं नाही, पण मी कुठं अडते आणि कुठं थाप मारते ते तिला आवाजावरून कळायचं. अडले तर गप्प बसायची. थाप मारली की म्हणायची, "म्हैस आली."

बायकांना काही सांगितलं नाही तिनं. मला 'दहावी' म्हणायचं मात्र सोडलं नाही. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. त्यातली गंमत आम्हा दोघींनाच ठाऊक.

हिवाळ्यात तपासणीला साहेब आले. मालक त्यांच्या मागं मागं. साहेब माझ्या टेबलापाशी थांबले आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट करून म्हणाले, "बाई, लेबलावर धोक्याची सूचना तुम्ही लावता ना? मग ती पाटी वाचून दाखवा."

शेडमधल्या सळया थांबल्या. मी वाचायला लागले. काडीपेटी, धूम्रपान, सक्त मनाई, सगळं पार केलं. आणि पुढं एक शब्द आला, जो आमच्या एकाही खुनात आला नव्हता. 'ज्वलनशील.' 'फटाके' म्हणून पुढं जावं असं वाटलं, साहेबांचं लक्षही घड्याळाकडं होतं.

मागून चाचीचा आवाज आला, शेजारणीशी बोलल्यासारखा. "आज म्हैस नको गं बाय."

मी तो शब्द खड्यासारखा काढला नाही. चावला. ज्व. ल. न. शी. ल. मग एकदम म्हणाले आणि पाटी संपवली.

"छान," साहेब म्हणाले. "शिक्षण किती?"

मालक माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, एवढं खरं वाचलं तर आता खोटं कशाला. "पाचवी," मी म्हणाले.

साहेब पुढं गेले. मालक थांबले. "दहावी सांगितलं होतंस तू मला."

"मालक," चाची सळईवरची नळी उतरवत म्हणाली, "तुमी त्या बॉम्बच्या डब्यावर 'कमी आवाज' लिवता. आमी कधी काय म्हणलो का? तिचं वाचन ऐकलं न्हवं? मग."

मालकांनी तिच्याकडं बघितलं, डब्यांकडं बघितलं आणि साहेबांमागं गेले. मी टेबलावरच राहिले. अजून आहे.

इतक्या उपकारानंतर मी तिच्याशी काय केलं ते ऐका.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका पोत्यात एक जाडी कादंबरी निघाली. कव्हर नाही, पुढची काही पानं नाहीत, पण शेवटचं पान होतं. चाचीनं चाचपून बघितलं. दवाखाना, दोन बहिणी, एक कंपाउंडर आणि विषानं मेलेला डॉक्टर. महिनाभर दुपारी मी ती वाचली, एकही अक्षर न गाळता. चाची हट्टाला पेटली होती. "धाकटी न्हाय. धाकटी लई रडती, रडणारी मारत न्हाय. थोरलीचं बघ." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "थोरली बी न्हाय वाटतं." इतक्या कादंबऱ्यांत तिला खुनी आधी कळला नव्हता असं हे पहिलंच पुस्तक. निकाल देत नव्हती, नुसती वाट बघत होती.

शिवण सुटली होती म्हणून शेवटची पानं मी वेगळी करून टेबलावर ठेवली. दिवाळीचा माल निघायची घाई. कापायचा कागद संपला, कुणीतरी ओरडलं, आणि मी हाताला आला तो गठ्ठा कात्रीखाली घातला. मीच. माझ्या हातानं.

दुसऱ्या दुपारी वाचायला बसले तेव्हा कळलं.

चाची उठली आणि वाळवणाच्या अंगणात गेली. मागून आम्ही सगळ्या. ज्या नळ्या अजून ओल्या होत्या त्या एकेक करून उलगडायला बसलो. बोटबोटभर पट्ट्या, खळीनं चिकट. मी वाचत होते, त्या ऐकत होत्या. 'तिनं दार'. 'विष नव्हतंच, ते'. 'तुम्हीच ना'. मग कोरा कागद. मग कुणाची तरी लग्नपत्रिका, चि. सौ. कां. बाकीच्या नळ्या सकाळीच पलीकडं गेल्या होत्या. तिकडचा उंबरा चाची कुणाला ओलांडू द्यायची नाही, स्वतःही ओलांडायची नाही.

"'तुम्हीच ना' कुणाला म्हणली?" एकीनं विचारलं.

"ज्यानं मारलं त्याला," चाची म्हणाली आणि पट्टी पदराला पुसून माझ्या हातात दिली.

त्या दिवाळीत कुणाच्या तरी अंगणात आमचा खुनी फुटला. कोण होता ते आवाजावरून कळलं नाही.

पुढं धाराशिवला चाचीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. "येका डोळ्यानं अर्धाच खून दिसतो," म्हणाली. दुसरा डोळा बघू म्हणून लेक तिला बिदरला घेऊन निघाली, कायमचीच. मी फाट्यावर सोडायला गेले. तिच्या पिशवीत ते पिवळं पुस्तक होतं, पिठासकट. एसटी लांबून दिसली आणि मला राहवलं नाही.

"चाची, मले एका नळीत सापडलं. कंपाउंडरनं मारलं होतं."

तिनं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "दहावी, म्हैस हाय त्यात."

गाडीत चढली. खिडकीतून म्हणाली, "सापडला तर सांग. पर खरा."

आता पोतं उघडलं की पहिला हात माझा असतो. अंगठा जिभेला लावते आणि पुस्तक पालथं करते. एकदा धाराशिवच्या पुस्तकाच्या दुकानातही विचारून आले. दुकानदार म्हणाला, नाव नाही, लेखक माहीत नाही, मग शोधू काय? मी म्हणाले, शेवटचं पान.

कधी ना कधी ते पुस्तक सापडेल. मग मी बिदरची गाडी पकडीन, चाचीसमोर बसेन आणि 'तुम्हीच ना' कुणाला म्हणाली ते जोडाक्षरांसकट वाचून दाखवीन. हे माझं तिला देणं आहे आणि मी ते फेडणार आहे. त्यात म्हैस निघालीच, तर ती लेखकाची असेल.