टिकलीखालचा डाग

प्रताप नगरच्या दवाखान्यातल्या सिस्टर बाईमाणसाचं कपाळ आधी बघतात, पाय नंतर. बॉलपेन अंबाड्यात खोचलेलं असतं आणि हात लावण्याआधी त्या तळवे चोळून गरम करतात. माझ्या पायाची फुगलेली शीर डॉक्टरांनी आत गोंद सोडून बंद केली. त्याआधी सिस्टरनी विचारलं होतं, "टिकलीनं खाज येते का वं ताई?"

मी नाही म्हटलं. टिकलीच्या गोंदानं कपाळावर पांढरा डाग पडलाय. लोक कोड म्हणतील, म्हणून मी त्यावर मोठी टिकली लावते.

आठव्या दिवशी गुडघ्याखाली लाल पट्टा उठला. दवाखान्यात सिस्टरनी तो पाहिला आणि न विचारताच माझी टिकली नखानं उचलली.

"काहून लपवलं वं ताई? तुमाले गोंद सोसत नाही. टिकली तं काढता येते. शिरेतला गोंद कसा काढाचा?"

मग लालीभोवती बोटभर जागा सोडून त्यांनी पेनानं रेघ ओढली. "डॉक्टरांनी दिलेली गोळी टायमावर घ्या, खाजवू नका. लाली रेघेबाहेर गेली तं फोन नका करू, सरळ या."

संध्याकाळी लाली रेघेला टेकली. बाहेर गेली नव्हती. तरी मी चप्पल घातली आणि टिकली न लावताच दवाखान्याकडे निघाले.